आकडीतली कोयती

कोकणात किंवा घाटमाथ्याच्या खालच्या रानात वाटाड्या मामांच्या मागोमाग चालायला लागलं, की त्यांच्या चेहऱ्याआधी तिचीच ओळख होते. मामा पुढं, आपण मागं, आणि मधे त्यांच्या कमरेवर ती. पाऊल पडेल तसं तिचं पातं आकडीच्या लाकडावर आपटतं आणि टक् टक् असा बारीक आवाज येत राहतो. कारवीच्या दाटीत मामा दिसेनासे झाले, तरी त्या आवाजावरून वाट कळते. माणूस थांबला की तीही गप्प होते.

तिचं नाव कोयती. मुठीसकट जेमतेम हातभर लांब, वजन अर्ध्या किलोच्या पुढं-मागं. पातं मुठीतून निघतं तेव्हा सरळ असतं, निम्म्याच्या पुढं पोटाकडं वळायला लागतं आणि शेवटी त्याची चोच होते. धार आतल्या अंगाला. पाठ जाड, दीड-दोन सूत, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर. पाठीवर घणाचे ठोके अजून दिसतात; त्यांच्यावरून कुणी पॉलिश फिरवलेलं नसतं. धारेलगतची बोटभर रुंदीची पट्टी तेवढी चकचकीत आणि बाकीचं अंग काळपट. मूठ हाताच्या घामानं आणि तेलानं इतकी गुळगुळीत झालेली, की ती शिवणीची आहे की बाभळीची हे ती बसवणाऱ्यालाच ठाऊक.

तिचं घर म्हणजे आकडी. लाकडाचा मुठीएवढा ठोकळा, त्यात आरपार खाच, आणि तो कमरेला बांधायची दोरी. ठोकळा पाठीच्या कण्यावर येतो. कोयती वरून खाचेत सोडायची. पातं खाली लोंबतं, मूठ वर राहते, चोचीच्या वळणामुळं ती वर उसळून बाहेर पडत नाही. दोन्ही हात मोकळे. माणूस माडावर चढो, ओहळ उतरो की डोक्यावर भारा घेऊन चालो, ती मधे येत नाही. उजवा हात मागं नेला की मूठ न बघता सापडते. चामड्याच्या म्यानाला कोकणच्या पावसात बुरशी येते, ते फुगतं आणि पात्याला गंज चढवतं. आकडीत पाणी साचायला जागाच नाही. वारा लागतो, पाणी निथळतं. चाकूचं म्यान कसं असावं याबद्दल आज जे निकष सांगतात, म्हणजे पकड पक्की हवी, पाणी वाहून जायला हवं, एका हातानं पातं काढता-घालता यायला हवं, ते सगळे या ठोकळ्यात आहेत.

जन्म

तिचा जन्म बहुतेक वेळा ट्रकच्या कमानपाट्यातून होतो. जुन्या गाडीचा मोडलेला पाटा भंगारात जातो, तिथून लोहाराकडं. हे स्प्रिंगचं पोलाद असतं. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के. त्याहून पुष्कळ कमी असता तर धार टिकली नसती, पुष्कळ जास्त असता तर दगडावर आपटताच तुकडा उडाला असता. आयुष्यभर खड्ड्यांचे हादरे खाऊनही वाकून पुन्हा सरळ व्हायची सवय त्या लोखंडाला आधीच लागलेली असते. कोयतीला तोच स्वभाव लागतो.

लोहाराची पडवी अंधारी असते, आणि ती मुद्दाम अंधारी ठेवलेली असते. तापल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. लाल, केशरी, पिवळा यांतला फरक सावलीतच दिसतो, आणि सगळं गणित त्या रंगावर. भात्यानं कोळसा फुलवायचा, सांडशीनं पाटा आत सरकवायचा, योग्य रंग आला की ऐरणीवर घ्यायचा. एक जण घण मारतो, लोहार हातातल्या छोट्या हातोड्यानं कुठं मारायचं ते दाखवतो. चोच वळवणं सोपं; वळणावर पातं पातळ न होऊ देणं अवघड.

मग तिला पाणी द्यायचं. हा क्षण मी जवळून पाहिला आहे. पातं लालबुंद झालं, ते लोहारानं बाहेर काढलं, आणि फक्त धार पाण्यात टेकवली. पाठ पाण्याच्या वरच राहिली. चर्र झालं, वाफ उठली. लगेच पातं वर घेऊन त्यानं धारेवर दगडाचा तुकडा घासला, काळी खपली काढली आणि उघड्या पोलादाकडं टक लावून बसला. पाठीत उरलेली उष्णता आता हळूहळू धारेकडं उतरायला लागली. पांढऱ्या धारेवर आधी गवती पिवळा रंग आला, मग तपकिरी, त्यामागून जांभळ्या रंगाची कड. ती कड धारेपर्यंत पोचायच्या बेतात असताना त्यानं अख्खं पातं पाण्यात बुडवलं. गवती पिवळा म्हणजे सुमारे २३० अंश सेल्सिअस, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. त्याच्याजवळ मोजमापाचं कसलंच यंत्र नव्हतं. रंग चढण्यातल्या त्या चार-दोन क्षणांवर कोयतीचा सगळा स्वभाव ठरला: धार कडक, पाठ चिवट.

शेवटी मूठ. पात्याची मागची निमुळती शेपटी तापवून लाकडात ठोकतात. लाकूड आतून जळत जागा करून देतं. तोंडाशी लोखंडी शेंबी बसवतात, म्हणजे लाकूड फाटत नाही. उन्हाळ्यात लाकूड आटून मूठ हलायला लागली, तर ती काढून भोकात लाख किंवा राळ भरायची आणि पुन्हा ठोकायची. दुरुस्ती घरच्या घरी होते, हा तिचा फार मोठा गुण.

वर्षभराची कामं

तिचं वर्ष पौष-माघात सुरू होतं. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, तेव्हा पालेदार फांद्यांची कवळ तोडायची असते. माणूस ऐनाच्या किंवा किंजळीच्या झाडावर चढतो, एका हातानं खोड धरतो आणि दुसऱ्या हातानं कोयती चालवतो. इथं तिच्या चोचीचा अर्थ कळतो. सरळ पात्याचा घाव लवचीक फांदीवर पडला तर फांदी मागं झुकते आणि घाव निसटतो. कोयतीची चोच फांदीला कवेत घेते, ती घसरू देत नाही, आणि हात आपल्याकडं ओढला की तुटलेलं डहाळं तुमच्याच बाजूला येतं. झाडाचा शेंडा राखून फांद्या काढल्या की पुढच्या पावसात ते झाड पुन्हा फुटतं. ही तोड शिकलेला माणूस खोडाला घाव घालत नाही.

चैत्र-वैशाखात राब भाजून झाले, की पावसाआधीची घाई. कुडासाठी कारवी, कुंपणाला काट्या, गोठ्याला आडं. बांबू फोडताना तिचं कसब बघावं. आडव्या बांबूच्या तोंडाशी धार टेकवायची, पाठीवर लाकडी दांडक्याचा एक ठोका. धार आत शिरली की मूठ थोडी पिळायची. एका कांड्यातून दुसऱ्या कांड्यात फट धावत जाते, फटाफट आवाज येतो आणि बांबूच्या दोन फाका समोर पडतात. परदेशी जंगलविद्येच्या पुस्तकांत हेच तंत्र लाकूड फोडण्यासाठी सांगितलेलं असतं. त्याचा खरा उपयोग पावसात. बाहेरून भिजलेलं लाकूड फोडलं की आतला गाभा कोरडा सापडतो, आणि त्याच्या ढलप्या काढल्या की श्रावणातही चूल पेटते.

पावसाळ्यात ती वाटा मोकळ्या करते. फणसाच्या दिवसांत पात्याला खोबरेल चोळून ती फणस फोडते, म्हणजे चीक चिकटत नाही. भाद्रपदात गणपतीच्या वर टांगायच्या माटवीचं रानातलं सामान तीच आणून देते. भातकापणी मात्र विळ्याची. त्या दिवसांत तिला विसावा. खंडेनवमीला सगळी हत्यारं-अवजारं पाटावर मांडतात, तेव्हा हळद-कुंकू, फूल तिलाही असतं.

स्वभाव

तिच्यात हलणारं काही नाही. मिटणाऱ्या चाकूला बिजागरी असते, खटका असतो; तिथं चिखल जातो, वाळू जाते, आणि जोर लावल्यावर पातं बोटांवर मिटायची भीती असते. कोयती जशी आकडीत, तशीच हातात. रानातल्या पात्याची पहिली अट हीच, की त्यानं कुठं बिघडायचं असेल तर ते आधी डोळ्यांना दिसलं पाहिजे. तिची मूठ हलली तर ती आवाज करते. धार गेली तर घाव उडतो. गंज चढला तर तो वर दिसतो.

ती मागतेही थोडंच. एकदा मामांना विचारलं, “मामा, धार कधी लावता?” ते म्हणाले, “रोज. दोन हात दगडावर मारायचे नि निजायचं. मंग लोहाराकडं वर्साला एकदाच जायाला लागतं.” वर्षाची ती फेरी म्हणजे कोयती शेवटून आणायची. लोहार ती तापवतो, जाड झालेली धार ठोकून पातळ करतो, पुन्हा पाणी देतो. तेवढ्यात ती पुढच्या वर्षाला तयार.

तिचे नियम लहानपणापासून कानांवर पडलेले असतात. हातात देताना मूठ पुढं करायची. तिला ओलांडून जायचं नाही. जमिनीवर उघडी टाकायची नाही. काम थांबलं की झाडाच्या बुंध्यात रोवायची नाहीतर आकडीत घालायची. घाव घालताना पाय घावाच्या रेषेत ठेवायचा नाही. या सगळ्या शिस्तीमागं कुणाचं तरी कापलेलं बोट किंवा फुटलेली नडगी आहे.

भाऊबंद

तिचं गोत मोठं आहे. देशावरचा ऊसतोडीचा कोयता हा थोरला. त्याच्या वाट्याला आलेले कष्ट एवढे, की मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते आणि उचलही त्यावर मिळते. गोव्यात माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची काती आहे. नेपाळात खुकरी आहे, मलायाच्या रानात परांग.

आणि लांब उत्तरेत मोरा. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातल्या मोरा या गावाच्या परिसरात सुऱ्या बनवण्याची जुनी परंपरा आहे; तिथला आजचा प्रसिद्ध कारखाना आपलं मूळ १८९१ मध्ये फ्रॉस्ट एरिक एरसन यांनी काढलेल्या कारखान्यात शोधतो. त्यांची सुरी दिसायला अगदी साधी. पातं वीतभरही नाही, दहा सेंटिमीटरच्या आसपास. जाडी दोन-अडीच मिलिमीटर. जुन्या घाटाची मूठ बर्च लाकडाची, तांबडी रंगवलेली. धारेचा उतार एकच आणि सपाट, त्यामुळं तो अख्खा दगडावर टेकतो आणि नवशिक्यालाही धार लावता येते. बर्च आणि पाईनच्या रानात लाकूड कोरायचं, मासा साफ करायचा, साल काढायची, एवढी तिची कामं. तिथं वाट अडवणाऱ्या वेली नाहीत, करवंदीच्या जाळ्या नाहीत. म्हणून ती हलकी, पातळ, टोकदार. आमच्याकडं जांभ्या दगडावर आपटून ते टोक पहिल्याच पावसाळ्यात गेलं असतं. कोयतीची चोच आत वळलेली असल्यामुळं बचावते. प्रत्येक रानानं आपापलं पातं असं घडवून घेतलं आहे.

काही पाती कुठल्याच रानातून आलेली नाहीत. १९८२ मध्ये ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट आला. त्याच्या नायकासाठी जिमी लाइल या अमेरिकी कारागिरानं चाकू घडवला होता. पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ आणि तिच्यात काड्यापेटी, दोरा वगैरे ठेवायची सोय. त्या चाकूच्या स्वस्त नकला जगभर पसरल्या, आणि आजही आपल्याकडच्या पर्यटनस्थळांवर त्या टांगलेल्या दिसतात. पोकळ मुठीत पात्याची शेपटी जेमतेम अंगठ्याएवढी शिरते. दोन-चार जोरदार घावांत पातं मुठीपासून सुटतं. पाठीवरच्या दातांनी ओलं लाकूड नीट कापत नाही, आणि पाठीवर ठोका मारायची सोयही जाते.

निवडताना

डोंगरात भटकणाऱ्या तरुणांनी चाकू कोणता घ्यावा हे विचारलं, की मी त्यांना कोयतीकडं बघायला सांगतो. ती विकत घ्या म्हणून नव्हे. तिच्यात कोणते गुण एकत्र आले आहेत ते कळावं म्हणून. दोन दिवसांच्या ट्रेकमध्ये खरी कामं किती? दोर कापणं, भाजी चिरणं, तंबूच्या खुंटीला टोक काढणं, पट्टी कापणं, क्वचित ओल्या लाकडाचा कोरडा गाभा काढणं. एवढ्यासाठी चार-पाच इंचांचं, तीन-चार मिलिमीटर जाडीचं पातं पुरतं. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं, त्याला फुल टँग म्हणतात. लाकडी किंवा रबरी मूठ फुटली तरी सुतळी गुंडाळून काम चालतं. धार सलग असावी, दातेरी नको, कारण दातेरी धार रानात दगडावर लावता येत नाही. पाठीच्या कडा काटकोनी असल्या तर तिनं चकमकीच्या कांडीवर ठिणग्या पाडता येतात.

पोलादाचा प्रश्न राहण्या-फिरण्याच्या जागेवरून सुटतो. समुद्रकाठी, खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात फिरणाऱ्यानं स्टेनलेस घ्यावं. ज्याला रोज तेलाचं बोट फिरवायची सवय आहे, त्याला कार्बन पोलाद जास्त मानवेल, कारण त्याला धार लवकर लागते. मूठ दुकानात पाण्यानं हात ओला करून धरून बघावी. डिझाइनचे खोल खाचे हातात सुरेख वाटतात, पण तासभर काम केलं की तिथंच फोड येतात. कोयतीची मूठ साधी लंबगोल असते. कुठंही पकडली तरी ती हाताला बोचत नाही.

कायदाही माहीत हवा. शस्त्र नियम २०१६ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणं लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव आहे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, फणसाड, राधानगरी, आपल्या आवडत्या वाटा अशा कितीतरी अभयारण्यांतून जातात. तिथं पातं घरी ठेवावं. आणि जिथं नेता येतं तिथंही जिवंत झाडावर हौसेनं घाव घालू नये. कवळ तोडणाऱ्याला त्या झाडाकडं पुढच्या वर्षी परत यायचं असतं. आपणही तशाच जबाबदारीनं वागावं.

गेल्या काही वर्षांत तिच्या घराण्याचं नाव वाईट कारणानं कानांवर येतं. पुण्यातल्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हे शब्द इतक्यांदा छापून आले, की शहरातल्या मुलांना कोयता म्हटलं की मारामारीच आठवते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या अवजारानं घरं शाकारली, राब भाजले, चुली पेटवल्या, त्याची ओळख दहशतीशी जोडली जावी, हा त्या अवजारावर आणि ते वापरून पोट भरणाऱ्या लाखो हातांवर अन्याय आहे. तो दूर करायचा तर तिचं काम मुलांना दाखवायला हवं.

तिच्यावरचं दुसरं संकट हळूहळू येतं आहे. भाते थंड होत चालले आहेत. साच्यात कापलेली, एकसारखी, स्वस्त पाती बाजारात येतात. ती एकदा बोथट झाली की टाकून द्यायची. शेवटायला लोहार उरला नाही, तर कोयतीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांवरून दोन-तीन वर्षांवर येईल. एरवी ती दर वर्षी थोडी थोडी झिजते, रुंद पातं अरुंद होतं, चोच बोथट होते, आणि शेवटी लोहार त्याच लोखंडाचं खुरपं करून देतो. मग ती भाजीच्या वाफ्यात आणखी काही वर्षं काढते.

म्हणून ज्याला जमेल त्यानं एकदा तरी आठवड्याच्या बाजारात लोहाराकडं जावं. तो लांबी विचारत नाही, किंमतही आधी सांगत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, “कशाला पायजे?” नारळ सोलायला म्हटलं तर एक पातं काढतो, बांबूला म्हटलं तर दुसरं, कुंपणाला म्हटलं तर तिसरं, आणि उत्तर आलं नाही, तर हातातलं काम पुढं चालू ठेवतो. शहरातल्या काचेच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं. तो आपला आपण विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे काढू नयेत.